बिदरएवढ्या उंचीवरचा बर्फ

भालकी, औराद, बसवकल्याण, आळंद या बाजूच्या घरांतली मुलं शिकायला हैदराबादला जातात. काही तिथंच नोकरीला राहतात, काही पुढं परदेशी निघतात. त्यांतलं कुणी कॅनडातल्या व्हँकूवरला स्थिरावलं की दोन-तीन वर्षांत फोनवर आग्रह सुरू होतो : "अप्पा, आई, या हिवाळ्यात याच. व्हिस्लरला जाऊ, बर्फावर स्की करू." फोन ठेवल्यावर घरात जे प्रश्न निघतात, त्यांची उत्तरं प्रवासी कंपनीच्या रंगीत पत्रकात सापडत नाहीत. तिथली थंडी झेपेल का? पडलो तर काय? नुसतं घसरायला एवढे पैसे कशाला? आणि ४२-४३ अंशांचे उन्हाळे काढलेल्या माणसाला हे या वयात जमतं का?

जमतं. फक्त आखणी योग्य टोकाकडून सुरू करावी लागते. बहुतेक जण डोंगराच्या आकारापासून सुरू करतात : सगळ्यांत मोठं रिसॉर्ट कोणतं, सगळ्यांत लांब उतार कुठं. माझ्या मते सुरुवात करावी ती पायात स्की चढवण्याच्या पहिल्या दोन दिवसांपासून. महिना, गाव, तिकीट, कपडे हे सगळं त्या दोन दिवसांच्या सोयीनं ठरवावं. का, ते पुढं येईलच. आधी बर्फाचं बघू.

१. उंची तीच, ऊन वेगळं

बर्फ म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढं हिमालयाची उंची येते. पण व्हिस्लर हे गाव समुद्रसपाटीपासून साधारण ६७० मीटरवर आहे. बिदरचं जांभ्या दगडाचं पठार सुमारे ७०० मीटरवर. म्हणजे किल्ल्याच्या तटावर उभा असलेला माणूस व्हिस्लरच्या बाजारपेठेतल्या माणसापेक्षा थोडा वरच आहे. जानेवारीत दुपारी पहिल्याला शर्टही नको वाटतो आणि दुसऱ्याच्या घराच्या छपरावर बर्फ साचलेला असतो.

फरक अक्षांशाचा. बिदर विषुववृत्तापासून जेमतेम १८ अंश उत्तरेला आहे, व्हिस्लर ५० अंश. २१-२२ डिसेंबरला, वर्षातल्या सगळ्यांत लहान दिवशी, भर दुपारी सूर्य किती वर येतो हे काढायची रीत सोपी आहे : ९० मधून गावाचा अक्षांश वजा करा, मग आणखी साडेतेवीस वजा करा. बिदरचं उत्तर येतं साडेअठ्ठेचाळीस अंश. व्हिस्लरचं साडेसोळा. सूर्य इतका कलंडलेला असला की तेच ऊन जास्त जमिनीवर पसरतं. हिशेब केला तर त्या दुपारी व्हिस्लरच्या एका चौरस मीटरला बिदरच्या तुलनेत चाळीस टक्क्यांहून कमी ऊन मिळतं. त्यात दिवसही जेमतेम आठ तासांचा, आपला अकरा तासांचा.

या आकड्यांचा सहलीशी सरळ संबंध आहे. डिसेंबर-जानेवारीत स्कीवाल्यांना डोंगरावर नेणाऱ्या तिथल्या लिफ्ट दुपारी ३ च्या सुमारास बंद व्हायला लागतात. सकाळी आरामात नाश्ता करून ११ वाजता डोंगरावर पोचणारं कुटुंब दिवसाचा निम्मा पैसा हॉटेलातच घालवतं.

२. घाटमाथा की दुष्काळी पट्टा

नुसती थंडी असून भागत नाही, बर्फाला ओल लागते. ती कुठून येते हे आपल्या भागातल्या माणसाला समजावून सांगायची गरज नाही. अरबी समुद्रावरचा पाऊस सह्याद्रीला धडकतो, महाबळेश्वर चिंब होतं आणि ढग रिकामे होऊन पुढं सरकतात. आळंद-चिंचोळीपर्यंत पोचेस्तोवर त्यांच्यात फारसं उरत नाही. कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर हाच खेळ हिवाळ्यात चालतो. पॅसिफिक महासागरावरून आलेली ओली हवा किनाऱ्यालगतच्या डोंगररांगेला धडकते, वर चढते, थंड होते आणि बर्फ टाकून मोकळी होते. व्हिस्लर या घाटमाथ्यावर आहे. तिथं डोंगरावर वर्षाला सरासरी ११ मीटरच्या आसपास बर्फ पडतो.

पूर्वेला काही डोंगररांगा ओलांडून गेलं की रॉकी पर्वतात बॅन्फ आणि लेक लुईज लागतात. तो भाग कोरडा. तिथला बर्फ पिठासारखा हलका असतो, पण थंडी बोचरी. उणे १५ ही नेहमीची गोष्ट आणि लाट आली तर पारा उणे ३० पर्यंत उतरतो. व्हिस्लरला बर्फ जड, दमट आणि भरपूर, हवा त्यामानानं सौम्य. गावात हिवाळाभर तापमान शून्याच्या आसपास घोटाळत राहतं.

अनुभवी स्कीवाले कोरड्या बर्फासाठी रॉकीकडं ओढ घेतात, त्यांचं बरोबरही आहे. आपल्याकडून पहिल्यांदाच जाणाऱ्यांना मी व्हिस्लर सुचवेन. उणे ३० मध्ये उभं राहून शिकणं हा आनंदाचा भाग नव्हे. शिवाय व्हँकूवर विमानतळापासून व्हिस्लर साधारण १३५ किलोमीटर, म्हणजे बिदरहून हैदराबाद गाठण्याएवढंच. रस्ता समुद्र आणि कडा यांच्यामधून जातो, थेट बस मिळतात. हिवाळ्यात या रस्त्यावर गाडीला खास हिवाळी टायर असणं कायद्यानं सक्तीचं आहे. गाडी मुलाची असेल तर त्यानं चालवावी. आपण भाड्यानं घेऊन बर्फात चालवून बघायची हौस करू नये.

३. गावात पाऊस, वर बर्फ

व्हिस्लरला उतरल्यावर पुष्कळांचा चेहरा पडतो, कारण गावात चक्क पाऊस लागलेला असतो. घाबरू नका. उंची वाढली की हवा थंड होते. सरासरी हिशेब दर १,००० मीटरला साडेसहा अंशांचा. गावात ६७० मीटरवर ३ अंश आहेत असं समजा. व्हिस्लर डोंगरावरचं राउंडहाउस नावाचं मोठं उपाहारगृह सुमारे १,८५० मीटरवर आहे. फरक जवळजवळ १,१८० मीटर. १.१८ गुणिले ६.५ म्हणजे साडेसात अंशांहून थोडं जास्त. वरचं तापमान झालं उणे साडेचार, आणि तोच पाऊस तिथं बर्फ होऊन पडतोय.

म्हणून हवामान बघताना मोबाइलवर गावाचा आकडा बघू नये. रिसॉर्ट गाव, मधला टप्पा आणि शिखर यांचं हवामान वेगवेगळं देतं, ते बघावं. सगळ्यांत वरचा वारा तर निराळाच असतो. पुरेसा जोर धरला की वरच्या लिफ्ट बंद ठेवतात, आणि त्या दिवशी कितीही महागडं तिकीट हातात असलं तरी खालच्या उतारांवरच भागवावं लागतं.

समुद्राजवळच्या या सौम्य हवेचा तोटाही आहे. २०१० च्या हिवाळी ऑलिंपिकच्या वेळी व्हँकूवरजवळच्या सायप्रस डोंगरावर बर्फ इतका कमी पडला की ट्रक आणि हेलिकॉप्टरनं तो आणून टाकावा लागला. व्हिस्लरला मात्र उंचीमुळं शर्यती पार पडल्या. त्याच ऑलिंपिकमध्ये भारताचा शिवा केशवन व्हिस्लरच्या ल्यूज ट्रॅकवर, म्हणजे बर्फाळ वाटेवरच्या घसरगाडीच्या शर्यतीत, उतरला होता आणि जमयांग नामग्याल व्हिस्लरच्याच उतारावर जायंट स्लालम या वळणावळणाच्या स्की शर्यतीत होता. ज्यांच्या वर्तमानपत्रात त्या महिन्यात क्रिकेटशिवाय काही छापून आलं नव्हतं, त्यांच्यासाठी एवढी नोंद.

४. तूर, संक्रांत आणि फेब्रुवारीचा तिसरा सोमवार

महिना ठरवताना दोन पंचांगं समोर ठेवावी लागतात, आपलं आणि त्यांचं.

त्यांचं असं : नोव्हेंबरच्या अखेरीस डोंगर उघडतो, पण सुरुवातीला खालचे उतार उघडे पडलेले असू शकतात, आणि नवशिक्याचं काम बहुतेक खालीच. नाताळ ते नववर्ष हा सगळ्यांत महाग आणि गर्दीचा पंधरवडा. जानेवारीचा दुसरा आठवडा लागला की गर्दी ओसरते, बर्फाचा थर मात्र वाढत जातो. फेब्रुवारीचा तिसरा सोमवार हा ब्रिटिश कोलंबिया प्रांतात सुट्टीचा असतो, शेजारच्या अमेरिकेतही त्याच दिवशी सुट्टी. तो शनिवार-रविवार टाळलेलाच बरा. मार्चमध्ये शाळांची सुट्टी येते, पुन्हा गर्दी.

आपलं पंचांग शेतीचं. कलबुर्गी म्हणजे तुरीचा जिल्हा. डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीपर्यंत तुरीची काढणी आणि मळणी चालते, तेव्हा घरच्या कर्त्या माणसाला हलता येत नाही. मार्गशीर्षात माणिकनगर आणि गाणगापूरला दत्तजयंती असते. मार्चपासून दहावीच्या परीक्षा. मग उरतं काय? संक्रांत झाली, तूर बाजारात गेली की तिथून फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंतचे तीन आठवडे. गंमत अशी की व्हिस्लरला गर्दी कमी आणि बर्फ उत्तम असण्याचे दिवस नेमके हेच.

आता या तारखेपासून मागं मोजत या. भारतीय पासपोर्टला कॅनडाचा व्हिजिटर व्हिसा लागतो. अर्ज ऑनलाइन, शुल्क १०० कॅनेडियन डॉलर, बोटांचे ठसे आणि फोटोचे आणखी ८५. नवरा-बायको दोघं पहिल्यांदा जात असतील तर ३७० डॉलर अर्जातच गेले. ठसे देण्याचं आपल्याला जवळचं केंद्र हैदराबादला. एकदा दिलेले ठसे दहा वर्षं चालतात, त्यामुळं पुढच्या खेपेला तो खर्च वाचतो. निकालाला किती आठवडे लागतील याचा भरवसा नसतो. जानेवारी अखेरीस जायचं असेल तर अर्ज ऑगस्टमध्ये करून मोकळं व्हावं, आणि व्हिसा हातात येईपर्यंत परत न मिळणारं एकही तिकीट काढू नये.

५. आठ हजार एकर आणि एक सरकता पट्टा

आता मूळ मुद्दा. व्हिस्लर आणि ब्लॅककोम हे शेजारशेजारचे दोन डोंगर. व्हिस्लरवर १९६६ मध्ये स्की सुरू झालं, ब्लॅककोमवर १९८० मध्ये. १९९७ मध्ये दोन्ही एका मालकीखाली आले आणि २०१६ मध्ये व्हेल रिसॉर्ट्स या अमेरिकी कंपनीनं ते विकत घेतलं. स्कीचं क्षेत्र ८,१७१ एकर, नावानिशी २०० हून जास्त उतार, वरच्या लिफ्टपासून पायथ्यापर्यंतची उभी घसरण १,६०० मीटरच्या घरात. उत्तर अमेरिकेत एवढं मोठं स्की क्षेत्र हाताच्या बोटांवर मोजण्याइतकंच.

पहिल्या दिवशी यातलं तुमच्या वाट्याला काय येतं? शाळेच्या मैदानाएवढा हलका उतार आणि त्याच्या कडेनं वर जाणारा एक सरकता पट्टा, विमानतळावर सामानाचा असतो तसा. त्यावर उभं राहायचं, वर जायचं, इन्स्ट्रक्टर सांगेल तसं खाली यायचं. गोंडोलाच्या, म्हणजे दोरावरून चालणाऱ्या बंद पाळण्यांच्या, मधल्या थांब्यावर, ऑलिंपिक स्टेशनजवळ, असं शिकण्याचं मैदान आहे. पहिला दिवस तिथंच जातो आणि बऱ्याच जणांचा दुसराही.

तिकिटाचा हिशेब इथं उलगडतो. पूर्ण डोंगराचं एका दिवसाचं तिकीट ऐनवेळी खिडकीवर घेतलं तर गर्दीच्या दिवसांत २०० डॉलरच्या वर जातं. समजा २५० पडलं. पट्टीचा स्कीवाला दिवसात १५ वेळा वरून खाली येतो. त्याला एक फेरी १७ डॉलरच्या आत पडली. तुम्ही मोठ्या लिफ्टवर त्या दिवशी एकदाही बसणार नसाल, तर २५० डॉलर भागिले शून्य, याचं उत्तर कुठलंही गणित देत नाही.

म्हणून पहिले दोन दिवस नवशिक्यांचं पॅकेज घ्यावं, ज्यात शिकवणी, भाड्याचं सामान आणि तेवढ्याच भागातल्या लिफ्ट एकत्र असतात. तिसऱ्या दिवसासाठी मोठं तिकीट लागलंच तर ते आधी ऑनलाइन घ्यावं. कंपनीचे हंगामी पास आणि काही दिवसांचे पास स्वस्त पडतात, पण त्यांची विक्री साधारण डिसेंबरच्या सुरुवातीला बंद होते. कॅनडात राहणाऱ्यांसाठी वेगळी सवलतीची कार्डं असतात, ती मुलाला लागू होतील, तुम्हाला नाही. दोघांचं तिकीट एकाच क्लिकमध्ये काढण्याआधी एवढं बघावं.

यापेक्षा शहाणपणाचा मार्गही आहे. व्हँकूवर शहराला लागूनच ग्राउस, सायप्रस आणि सीमूर असे तीन लहान डोंगर आहेत. शहरातून अर्ध्या-पाऊण तासात पोचता येतं, संध्याकाळी दिव्यांच्या उजेडातही स्की चालतं. पहिली शिकवणी तिथं घ्या, रात्री मुलाच्या घरी गरम भात-वरण खा. एक दिवस विश्रांती. मग व्हिस्लरला जा. मोठ्या रिसॉर्टात घालवलेला प्रत्येक दिवस मग मोठ्या रिसॉर्टासारखा वापरता येतो.

आणि कॅनडाला जाण्याआधीच हे आवडतं का ते बघायचं असेल तर गुलमर्ग आहे. तिथली भारतीय स्कीइंग आणि पर्वतारोहण संस्था हिवाळ्यात नवशिक्यांचे अभ्यासक्रम चालवते. गुलमर्गच २,६५० मीटरवर असल्यानं पहिल्या दिवशी दम लागतो; व्हिस्लरच्या पायथ्याला तो प्रश्न नाही. पण खर्चात गुलमर्ग पुष्कळ स्वस्त पडतं. बीजिंगच्या २०२२ च्या हिवाळी ऑलिंपिकमधला भारताचा एकमेव खेळाडू आरिफ खान गुलमर्गच्याच परिसरातला.

६. बूट खरं बोलायला लावतात

स्की भाड्यानंच घ्यावी, विकत नाही. भाड्याच्या दुकानात वय, उंची, वजन आणि किती येतं असं विचारतात. वजन चारचौघांत कमी करून सांगण्याची सवय इथं सोडावी. बूट आणि स्की यांना जोडणारी जी पकड असते, ती ठरावीक जोर आला की सुटते, म्हणजे पडताना स्की पायापासून वेगळी होते आणि पाय पिळून मोडण्याचा धोका कमी होतो. हा जोर किती ठेवायचा ते याच आकड्यांवरून ठरतं. वजन खोटं सांगितलं की पकड अवेळी सुटते. येत नसताना चांगलं येतं म्हणून सांगितलं की ती सुटायच्या वेळी सुटत नाही.

बूट कडक प्लॅस्टिकचे असतात आणि पहिल्यांदा घातल्यावर पाय साच्यात अडकल्यासारखा वाटतो. ते तसंच असायला हवं. फक्त उभं राहून गुडघे वाकवल्यावर टाच वर उचलली जात नाही ना, एवढं बघा. मोजा एकच, पातळ, लोकरीचा. थंडीच्या भीतीनं दोन मोजे घातले तर पाय आवळला जातो, रक्त फिरत नाही आणि बोटं उलट जास्त गारठतात.

कपड्यांतही हाच विचार. अंगालगत लोकर किंवा कृत्रिम धाग्याचं, मध्ये ऊबदार, वर पाणी अडवणारं जाकीट आणि पँट. सुती बनियन घालू नका. ते घाम पिऊन बसतं आणि लिफ्टवर वारा लागला की अंगाला बर्फासारखं चिकटतं. जाकीट-पँटही भाड्यानं मिळतात. पैसे खर्च करायचेच असतील तर हातमोज्यांवर करा, बोटं एकत्र राहणारे मोजे जास्त ऊब देतात. हेल्मेट आणि गॉगल हवेतच. ताजा बर्फ सूर्याची अतिनील किरणं ८० टक्क्यांपर्यंत परत फेकतो, त्यामुळं हनुवटीखालचा भागही भाजतो. उन्हाची सवय असलेल्या आपल्या माणसांना हे पटत नाही आणि संध्याकाळी पटतं.

इन्सुलिन घेणाऱ्यांनी ते पाठीवरच्या पिशवीत ठेवू नये. गोठलं की निकामी होतं. जाकिटाच्या आतल्या खिशात, अंगाच्या उबेत ठेवावं. मोबाइलची बॅटरीही थंडीत झपाट्यानं उतरते, त्याला जागा तिथंच.

७. उतारावर हॉर्न नसतो

पहिल्या शिकवणीत दोनच गोष्टी शिकवतात : थांबणं आणि वळणं. स्कीची पुढची टोकं जवळ आणि मागची बाजू फाकलेली, अशी पाचर केली की स्कीच्या आतल्या कडा बर्फात रुततात आणि वेग मरतो. जितकं फाकवाल तितकं हळू. एका पायावर भार वाढवला की माणूस दुसऱ्या बाजूला वळतो. वेग वाढतोय असं वाटलं की नवशिक्या भीतीनं मागं झुकतो, आणि तिथंच ताबा जातो, कारण स्कीचं वळण पुढच्या भागातून सुरू होतं. नडगी बुटाच्या पुढच्या भागाला टेकलेली राहिली पाहिजे. एवढं वाक्य लक्षात राहिलं तरी शिकवणीचे पैसे वसूल.

उतारांना खुणा असतात. हिरवं वर्तुळ सोपं, निळा चौकोन मधला, काळी चौकट (पत्त्यांतली असते तशी) अवघड, दोन काळ्या चौकटी फक्त पट्टीच्यांसाठी. या खुणा त्या त्या रिसॉर्टपुरत्या असतात. लहान डोंगरावरचा निळा उतार जमला म्हणून व्हिस्लरचा निळा जमेल असं नाही. नियमांत सगळ्यांत महत्त्वाचा असा की, खाली असलेल्या माणसाचा हक्क पहिला. त्याला चुकवणं ही मागून येणाऱ्याची जबाबदारी. उदगीर-बिदर रस्त्यावर गाडी हाकणाऱ्याला हे उलटं वाटेल, कारण त्या रस्त्यावर मागचा हॉर्न वाजवतो आणि पुढच्यानं बाजू द्यायची असते. तसंच दोरीपलीकडं जायचं नाही. तिथं हिमस्खलनाचा धोका असतो, आणि मोठ्या झाडांच्या बुंध्याभोवती वरून न दिसणारे मऊ बर्फाचे खड्डे असतात.

विम्याकडं दुर्लक्ष करू नये. परदेशी पाहुण्याला कॅनडातली सरकारी आरोग्यसेवा फुकट मिळत नाही आणि साधं हाड मोडलं तरी बिल मोठं येतं. प्रवास विमा घेताना हिवाळी खेळ त्यात धरलेत का ते कागदावर वाचून घ्यावं. पुष्कळ पॉलिसींत ते वगळलेले असतात.

८. ज्यांना स्की करायचं नाही

गुडघे दुखणाऱ्या आईनं हॉटेलच्या खोलीत बसून राहायचं कारण नाही. स्की न करता नुसतं वर जाऊन येण्याचं तिकीट मिळतं. २००८ च्या डिसेंबरमध्ये सुरू झालेला पीक टू पीक गोंडोला दोन्ही डोंगरांना वरच्या वर जोडतो. लांबी ४.४ किलोमीटर, त्यातले ३ किलोमीटर मध्ये एकही खांब नाही, दरीपासूनची उंची ४३६ मीटर, वेळ ११ मिनिटं. एका पाळण्यात २८ माणसं. ज्यांना उंचीची भीती आहे त्यांनी आधीच विचार करावा.

गावातला मुख्य भाग गाड्यांना बंद आहे, पायी फिरायचा. तळाला बर्फाची पकड घेणारे बूट मात्र हवेत. जवळच स्क्वॉमिश आणि लिलवॅट या तिथल्या मूळ रहिवाशांचं सांस्कृतिक केंद्र आहे. हा सगळा मुलूख पिढ्यान्‌पिढ्या त्यांचा. विणलेल्या टोपल्या, लाकडात कोरलेल्या होड्या निवांत बघण्यात अर्धा दिवस जातो.

जेवणाचं म्हणाल तर डोंगरावर शाकाहाऱ्याला बऱ्याचदा बटाट्याचे काप आणि सूप यांवर भागवावं लागतं, आणि तेही महाग. आपल्याकडची ज्वारीची कडक भाकरी महिनाभर टिकते, खिशात मावते, थंडीनं तिचं काही बिघडत नाही. सोबत कोरडी शेंगाची चटणी. दोन्ही बंद पाकिटात न्यावीत आणि विमानतळावर खाद्यपदार्थ आहेत का असं विचारलं की सरळ हो म्हणून सांगावं. लपवलेलं सापडलं तर दंड होतो. सांगितलेलं बहुधा बघून परत देतात.